येती, हिममानव आणि बर्फातले ठसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपाळमधल्या खुंबूतून, म्हणजे एव्हरेस्टच्या परिसरातून, परत येऊन बरीच वर्षं झाली, तरी घरी पाहुणे आले आणि फोटो निघाले की एव्हरेस्टबद्दल दोन प्रश्न आणि येतीबद्दल दहा, हे प्रमाण काही बदललेलं नाही. भाचरं विचारतात, सोसायटीतले काका विचारतात, पुढच्या मोसमात बेस कॅम्पला निघालेले तर विचारतातच. तेच ते प्रश्न एकदाचे उत्तरांसकट लिहून काढले आहेत.

येती, यती की हिममानव? बरोबर शब्द कोणता?

शेर्पांच्या बोलीत ऐकू येतं ते ‘ये-ते’. ‘ये’ म्हणजे खडक, कडेकपार. ‘ते’चा संबंध बहुतेक अभ्यासक तिबेटी ‘द्रेद’शी जोडतात, आणि द्रेद म्हणजे अस्वल. थोडक्यात, कड्याकपारीतलं अस्वल. हे इथेच लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्या वर्तमानपत्रांनी त्याचं ‘यती’ केलं आणि घोटाळा झाला. यती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संन्यासी उभा राहतो. मग ‘हिमालयात हजारो वर्षं तप करणारे यती’ अशी नवीच कथा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते. या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. म्हणून मी येतीच लिहिते. ‘फुलपाखरे येती’ यातलं क्रियापद वाटलं तरी चालेल, संन्याशापेक्षा बरं.

इंग्रजीत त्याला ‘अ‍ॅबॉमिनेबल’ म्हणजे किळसवाणा का म्हणतात?

एका चुकीच्या भाषांतरामुळे. १९२१ साली एव्हरेस्टची पहिली पाहणी मोहीम तिबेटच्या बाजूने गेली. लाक्पा ला या खिंडीजवळ बर्फात माग दिसला. मोहिमेचा प्रमुख चार्ल्स हॉवर्ड-ब्यूरी याने स्वतः लिहिलं की हा बहुधा लांडग्याचा माग असावा. बरोबरच्या हमालांनी मात्र ‘मेतोह-कांगमी’ असं नाव घेतलं. कांगमी म्हणजे बर्फातला माणूस, आणि मेतोह म्हणजे माणूस-अस्वल.

परतलेल्या हमालांशी हेन्री न्यूमन या पत्रकाराने बोलणं केलं. तो कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’मध्ये लिहायचा. त्याने ‘मेतोह’चा अर्थ घाणेरडा असा लावला आणि त्याला आणखी जरा भारदस्त करून ‘अ‍ॅबॉमिनेबल’ छापलं. बातमी जगभर गेली. हॉवर्ड-ब्यूरीचा लांडगा कुणाच्या लक्षात राहिला नाही आणि हमालांचं अस्वलही गळून पडलं. उरला तो किळसवाणा हिममानव, जो त्या डोंगरात कुणी पाहिलेलाच नव्हता. पुढची शंभर वर्षं लोक त्यालाच शोधत राहिले, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग शेर्पा लोक स्वतः काय सांगतात?

एक गोष्ट सांगत नाहीत, अनेक सांगतात. आणि त्यांच्याकडे येती एकच नाही. ‘झू-ते’ म्हणजे गुरांवर पडणारा, अंगाने दांडगा, याक मारणारा. याचं वर्णन तपकिरी अस्वलाशी इतकं जुळतं की वाद घालायला जागाच उरत नाही. ‘मि-ते’ माणसाएवढा. तिसरा ‘थेल्मा’, सगळ्यांत लहान, खालच्या जंगलातला. पहिल्याबद्दल शेर्पा गुराखी जसा बोलतो तसा आपल्याकडचा शेतकरी रानडुकराबद्दल बोलतो: वैतागून. मि-तेबद्दल बोलताना आवाज खाली जातो. तो दिसणं अशुभ, दिसला की आजारपण येतं, असं मानतात. म्हणजे ‘मी पाहिला’ असं छातीठोक सांगण्यात तिथे फुशारकी नसते, धास्ती असते.

नामचे या खुंबूतल्या मुख्य गावाच्या वरच्या एका टी-हाउसमध्ये चुलीपाशी आमच्या गाइडने लाकडी तलवारींची गोष्ट सांगितली. खुंबूभर ती थोड्याफार फरकाने ऐकायला मिळते. येती फार माजले होते. बटाट्याचं आणि जवाचं शेत उपटायचे, याक ओढून न्यायचे. आणि त्यांना नकला करायची खोड. माणसं दिवसा जे करतील ते हे रात्री येऊन तसंच करायचे, पण उलटंपालटं. गावाने युक्ती केली. सगळे माळावर जमले, छांगच्या, म्हणजे घरगुती दारूच्या, नावाखाली पाणी प्यायले, झिंगल्याचं सोंग केलं आणि लाकडी तलवारींनी खोटी मारामारी केली. संध्याकाळी घरी जाताना मात्र खरी छांग आणि खऱ्या तलवारी तिथेच ठेवून गेले. रात्री येती उतरले, प्यायले, आणि पाहिलं होतं तसं एकमेकांवर तुटून पडले. सकाळी माळावर प्रेतांचा खच. एक गाभण मादी तेवढी कपारीत लपल्यामुळे वाचली. आता जे आहेत ते तिचे वंशज, म्हणून ते माणसाच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत.

गोष्ट संपल्यावर कुणी हसलं नाही. स्वयंपाकघरातून एक आजीबाई बाहेर आली आणि गाइडला काहीतरी रागावून बोलली. ‘काय म्हणाली?’ मी विचारलं. ‘रात्री त्यांचं नाव घेऊ नकोस म्हणते, दिदी.’ आमच्या आजोळी दिवेलागणीनंतर सापाला ‘लांबडं’ म्हणायचे, त्याची आठवण झाली.

सगळ्यांत जुनी लेखी नोंद कुठली?

इंग्रजीतली म्हणाल तर १८३२ची. काठमांडूत ब्रिटिश अधिकारी असलेल्या ब्रायन हॉजसनने लिहिलं आहे की उत्तरेकडच्या डोंगरात त्याचे शिकारी एक केसाळ, बिनशेपटीचं, उभं चालणारं जनावर पाहून पळत सुटले. ते काय होतं म्हणून विचारलं तर ‘राक्षस’ म्हणाले. शब्द आपलाच. हॉजसनला वाटलं ओरांगउटान असावं. पुढे १८८९ मध्ये लॉरेन्स वॅडेलला सिक्कीममध्ये मोठा माग दिसला. लोकांनी केसाळ रानमाणसाचा म्हणून सांगितला, वॅडेलने अस्वलाचा ठरवला. त्याने एक मार्मिक तक्रारही नोंदवली आहे: ज्याला विचारावं त्याने दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. कोकणातल्या भुतांची चौकशी केलेल्या कुणालाही हे पटेल.

शेजारी कुऱ्हाड ठेवलेला तो प्रसिद्ध फोटो खरा आहे का?

फोटो खरा आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये एरिक शिप्टन, डॉक्टर मायकेल वॉर्ड आणि शेर्पा सेन तेनझिंग हे एव्हरेस्टचा नेपाळकडचा मार्ग पाहून परतत असताना मेनलुंग हिमनदीवर त्यांना ठसे दिसले. त्यांपैकी एका ठशाशेजारी आइस अ‍ॅक्स आणि नंतर बूट ठेवून छायाचित्रं काढली. ठसा साधारण तेरा इंच लांब, अंगठा जाडजूड, कडा रेखीव. येतीची जी लाट नंतर आली ती या एका फोटोवर उभी आहे.

अडचण अशी की इतका स्पष्ट ठसा त्या मागात एकच. शिप्टन थट्टेखोर होता असं त्याला ओळखणारे सांगत, त्यामुळे त्याने बोटांनी थोडी कारागिरी केली असावी असा संशय पुढे अनेकांनी घेतला. मला स्वतःला थट्टेपेक्षा सूर्यावर जास्त संशय आहे. का, ते पुढच्या उत्तरात.

पण अस्वलाचा पाय माणसासारखा कसा दिसेल?

हा प्रश्न मीही विचारत असे. उत्तर हिमालयात नाही, मेळघाटात मिळालं.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राण्यांची मोजदाद करतात, तिला मी एकदा गेले होते. सकाळी खाली उतरलो तेव्हा नाल्याच्या कडेला ओल्या गाळात पावलं उमटली होती. मी बघितलं आणि म्हटलं, ‘इतक्या सकाळी कोण अनवाणी आलं?’ टाच, तळवा, पाच बोटं, सगळं जागच्या जागी. वनरक्षक हसला. त्याने आपली चप्पल काढून ठशाशेजारी ठेवली आणि काडीने बोटांच्या पुढे दाखवलं. दोन बोटं अंतर सोडून मातीत पाच बारीक भोकं होती. नखं. ते आपलं साधं काळं अस्वल होतं, वारूळ उकरणारं. ती नखांची भोकं काडीने बुजवली असती तर मी तो माणसाचा पाय म्हणून शपथेवर सांगितलं असतं.

वाघ-बिबट्या बोटांवर चालतात. अस्वल आपल्यासारखं पूर्ण तळवा टेकून चालतं. मागचा पाय तर फारच माणसासारखा. त्यात चालताना ते मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याला चिकटून टाकतं. दोन ठसे एकात मिसळले की एकच लांबलचक ठसा तयार होतो, आणि चार पायांचं जनावर दोन पायांवर चालल्यासारखं दिसतं.

आता हेच बर्फात कल्पून बघा. पहाटे उमटलेला ठसा दहा वाजेपर्यंत उन्हाने पसरतो. कडा वितळतात, बोटं एकमेकांत जातात, नखांच्या खुणा पुसतात. रात्री ते सगळं पुन्हा गोठतं आणि दुसऱ्या दिवशी तिथून जाणाऱ्याला कातीव कडांचा दीड फुटी पाय मिळतो.

आणखी एक गंमत. हिमालयातल्या अस्वलाचं सगळ्यांत लहान बोट आतल्या बाजूला असतं आणि मोठं बाहेरच्या. आपल्या बरोब्बर उलट. त्यामुळे त्याचा डावा ठसा आपल्याला उजव्यासारखा वाटतो आणि माग बघताना पाय उलटसुलट पडल्यासारखे दिसतात. येतीचे पाय मागच्या बाजूला वळलेले असतात ही समजूत हिमालयात सगळीकडे आहे. ती इथूनच निघाली असावी, हा माझा आपला तर्क. आता आपल्या हडळीचे पाय उलटे का, ते मात्र मला विचारू नका. तिथे अस्वलाचा संबंध नसावा.

ठसे सोडा. प्रत्यक्ष कुणी पाहिला आहे का?

पाहिल्याचं सांगणारे पुष्कळ आहेत, आणि सगळे थापाडे नाहीत.

१९२५ मध्ये एन. ए. तोंबाझी हा छायाचित्रकार सिक्कीममध्ये झेमू हिमनदीजवळ होता. साधारण १५,००० फुटांवर, दोन-तीनशे यार्डांवरून त्याला एक आकृती दिसली. सरळ उभी चालत होती, मधूनच वाकून खुरट्या बुरांशाची (रोडोडेंड्रॉनची) झुडपं उपटत होती. अंगावर कपडे दिसले नाहीत. मिनिटभरात नाहीशी झाली. नंतर जाऊन बघितलं तर ठसे होते, पण जेमतेम सहा-सात इंच लांब. म्हणजे माझ्या पायापेक्षाही लहान. हे वाक्य येतीवरच्या लेखांतून सोयीस्करपणे गाळलेलं असतं.

१९७४ मध्ये गोक्योच्या वाटेवर माछेर्मो इथे याक राखणाऱ्या एका शेर्पा मुलीवर हल्ला झाला आणि काही याक मेले. नामचेहून पोलीस आले. तिने येतीचं नाव घेतलं. मुलगी खरंच मार खाल्लेली होती, याक खरंच मेले होते. मारणारा कोण, एवढाच प्रश्न, आणि ‘झू-ते’ या शब्दाचा अर्थ ज्यांना माहीत आहे त्यांना तो फारसा अवघड वाटू नये.

तिसरी साक्ष राइनहोल्ड मेसनरची. आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं सर्वांत आधी पूर्ण करणारा हा माणूस. ज्या वर्षी ती पूर्ण केली त्याच १९८६ मध्ये तिबेटात तिन्हीसांजेला त्याच्यासमोर एक प्रचंड केसाळ आकृती आली, शीळ घातल्यासारखा आवाज करून पसार झाली. मेसनर वेडाच झाला. बारा वर्षं तो तिबेट, भूतान, पाकिस्तान पालथा घालत होता. १९९८ मध्ये त्याने निष्कर्ष लिहिला: लोक ज्याला ‘चेमो’ म्हणतात ते तपकिरी अस्वल, तोच येती. काही जण त्याच्यावर चिडले. बारा वर्षं खर्चून रहस्य संपवणारा माणूस कुणाला आवडतो?

खुमजुंग गावच्या गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, येतीचं डोकं आहे म्हणतात. ते खरं का?

डोकं नाही, डोक्याची केसाळ कातडी. म्हणजे तशी ठेवलेली वस्तू. नामचेला हवामानाची सवय व्हावी म्हणून एक दिवस थांबतात, त्या दिवशी चढून खुमजुंगला जाता येतं. गोंपात काच लावलेल्या पेटीत ती आहे. निमुळती, शंकूसारखी, तांबूस-तपकिरी राठ केसांची, मधोमध कपाळापासून मागपर्यंत ताठ केसांचा तुरा. लग्नातल्या घोड्याच्या डोक्यावर असतो ना, साधारण तसा. मी काचेला नाक लावून पाहत होते तेव्हा शेजारी एक लामा शांतपणे लोण्याच्या दिव्यांच्या वाट्या पुसत होता. त्याला या पेटीत काही विशेष वाटत नव्हतं. दानपेटी कुठे आहे तेवढं त्याने हनुवटीने दाखवलं.

या वस्तूची कथा मोठी आहे. १९६०-६१ मध्ये एडमंड हिलरीने उंचीवरच्या शरीरविज्ञानाची मोठी मोहीम काढली आणि तिला येतीचा शोध जोडला. प्राणिशास्त्रज्ञ मार्लिन पर्किन्स बरोबर होते. खुमजुंगच्या पंचांनी ही कातडी तपासायला द्यायचं कबूल केलं, पण ठरावीक मुदतीत परत आणायची आणि गावचा मुखिया खुंजो चुंबी बरोबर जाणार या अटीवर. देव बाहेर काढताना गावचे मानकरी जातात, तसंच. खुंजो चुंबी त्या कातडीसह शिकागो, पॅरिस, लंडन असं फिरून आला. तज्ज्ञांचं म्हणणं पडलं की ही सेरोची कातडी आहे. सेरो म्हणजे बकरी आणि हरीण यांच्या मधलं वाटणारं, मानेवर ताठ आयाळ असलेलं डोंगरी जनावर. मोहिमेने दुसऱ्या सेरोची कातडी साच्यावर ताणून अगदी तशीच टोपी करूनही दाखवली. हिलरीने जाहीर केलं की येती ही दंतकथा आहे.

खुमजुंगकरांनी काय केलं? कातडी परत घेतली, पेटीत ठेवली आणि पूजा चालू ठेवली. १९६१ मध्ये हिलरीने गावाला शाळा बांधून दिली. ती आजही गोंपापासून चालत थोड्या अंतरावर आहे. माझ्या मते या सगळ्या व्यवहारात गावच जास्त शहाणं ठरलं.

आणि पांगबोचेचा हात?

ती गोष्ट मला आवडत नाही, पण विचारतात म्हणून. पांगबोचेच्या गोंपाची कथा अशी की लामा सांगवा दोर्जे गुहेत ध्यानाला बसत तेव्हा एक येती त्यांना पाणी आणि सरपण आणून देई. तो मेला तेव्हा लामांनी त्याचा हात आणि डोक्याची कातडी आठवण म्हणून जपली. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन तेलसम्राट टॉम स्लिक याने येतीसाठी मोहिमा काढल्या. त्याचा माणूस पीटर बर्न याने त्या हाताचं एक बोट काढून घेतलं आणि जागी माणसाचं बोट लावलं. ते बोट भारतातून बाहेर नेलं हॉलिवूडचा नट जेम्स स्ट्युअर्ट आणि त्याच्या बायकोने, कोलकात्याहून, तिच्या अंतर्वस्त्रांच्या पेटीतून. ते लंडनच्या एका संग्रहात पडून राहिलं. २०११ मध्ये एडिंबराला डीएनए तपासला तर बोट माणसाचं निघालं.

मूळ हात १९९०च्या दशकात गोंपातून चोरीला गेला. आता तिथे आहे ती प्रतिकृती. येतीने कुणाचं काय नेलं माहीत नाही, येती शोधणाऱ्यांनी मात्र पांगबोचेचं बरंच नेलं.

डीएनए तपासणीत शेवटी काय निघालं?

अस्वल. जवळजवळ दरवेळी अस्वल.

२०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी जगभरातून आलेले ‘अज्ञात’ केस तपासले. लडाख आणि भूतानमधले दोन नमुने प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळतात असं त्यांनी लिहिलं आणि पुन्हा बातम्यांना ऊत आला. पुढच्या वर्षी इतरांनी तेच आकडे पुन्हा पाहिले. ते हिमालयातल्या तपकिरी अस्वलाचेच होते.

२०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने येतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले: हाडं, दात, कातडी, केस, विष्ठा. आठ अस्वलांचे निघाले, कुणी काळं, कुणी तिबेटी तपकिरी, कुणी हिमालयी तपकिरी. नववा होता एका संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या ‘येती’चा दात. तो कुत्र्याचा. पण या तपासणीतून खरी मोलाची माहिती वेगळीच हाती आली: हिमालयी तपकिरी अस्वलाची शाखा इतर तपकिरी अस्वलांपासून सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वीच फुटली. म्हणजे द्रासच्या किंवा चंब्याच्या वरच्या कुरणांत फिरणारं ते भुरं जनावर फार जुन्या कुळातलं आहे. आणि ते अत्यंत संकटात आहे. येतीच्या बातमीखाली शंभर प्रतिक्रिया येतात, त्याच्या बातमीखाली दोन.

२०१९ मध्ये भारतीय सैन्याला ठसे सापडले होते, त्याचं काय झालं?

२९ एप्रिल २०१९ रोजी भारतीय सैन्याने ट्विटरवर फोटो टाकले. नेपाळमधल्या मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळ ९ एप्रिलला आपल्या गिर्यारोहण तुकडीला ३२ बाय १५ इंचांचे ठसे दिसले आणि ते ‘यती’चे आहेत, असं त्यात म्हटलं होतं. दोन दिवस देशभर करमणूक झाली. नेपाळी सैन्याकडून आणि स्थानिकांकडून सांगण्यात आलं की त्या भागात असे ठसे अस्वलाचे असतात.

बत्तीस इंच म्हणजे किती, ते टेप लावून बघा. चार वर्षांच्या मुलाच्या कमरेच्याही वर. एवढ्या पायाचं जनावर उभं राहिलं तर गोंपाच्या छपरावरून आत डोकावेल. ऊन आणि ताजा बर्फ यांनी फुगवलेला माग म्हटलं की सगळं जागेवर येतं. मकालू-बरुणचा भाग मात्र येतीच्या कथांचं माहेरच आहे. तेनझिंग नोर्गे यांच्या वडिलांना येती भेटल्याची आठवण तेनझिंग सांगत, तीही बरुण हिमनदीवरचीच.

जायगँटोपिथेकस नावाचा महाकाय वानर होता ना? तोच उरला असेल तर?

होता. १९३५ मध्ये हाँगकाँगच्या एका औषधी दुकानात ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून विकायला ठेवलेली त्याची दाढ जीवाश्मशास्त्रज्ञ फोन क्योनिग्सवाल्ड यांच्या हाती लागली. पण तो दक्षिण चीनच्या दाट जंगलात राहत होता, फळंपानं खाऊन. दोन-तीन लाख वर्षांपूर्वी संपला. तो बर्फात काय खाणार?

नवे प्राणी अजून सापडतातच की. मग येती का नाही?

हा सगळ्या प्रश्नांतला मला सर्वांत आवडणारा प्रश्न. अरुणाचल मकाक हे अख्खं माकड शास्त्राला २००५ मध्ये माहीत झालं, तेही तवांगच्या परिसरात आणि भारतीय संशोधकांमुळे. पण तिथल्या मोनपा लोकांना ते आधीपासून ठाऊक होतं. त्यांच्याकडे त्याला ‘मुनझाला’ हे नाव होतं, म्हणजे दाट रानातलं माकड, आणि ते पिकाची नासाडी करतं म्हणून शिव्याही होत्या. संशोधक गेले, त्यांना कळप दिसले, फोटो मिळाले. खरं जनावर असंच सापडतं. येतीला शंभर वर्षं, कित्येक मोहिमा आणि आता प्रत्येक ट्रेकरच्या खिशातला कॅमेरा मिळूनही एक धड फोटो नाही.

भारतात असा प्राणी आणखी कुठे सांगतात?

मेघालयात. गारो टेकड्यांत ‘मांदे बुरुंग’ म्हणजे रानातला माणूस. इथे बर्फ नाही, बांबू आणि दमट जंगल आहे. बाल्पाक्रम आणि नोक्रेकच्या बाजूला तो दिसल्याचं लोक अनेक वर्षं सांगत आले आहेत. २००८ मध्ये त्याचे म्हणून दिलेले केस अमेरिकेत तपासले, तर ते गोरल या रानबकरीसारख्या जनावराचे निघाले. सिक्कीमचे लेपचा मात्र त्यांच्या हिमनदीतल्या अशा रूपाला शिकारीचा देव मानतात, त्याला नैवेद्य देतात. जनावर म्हणून त्याला धरायला जाणं त्यांना सुचणारच नाही.

शेजारच्या भूतानमध्ये तो ‘मिगोई’. पूर्वेकडच्या साक्तेंग अभयारण्याची ओळखच मिगोईचं घर अशी आहे, आणि १९६६ मध्ये भूतानने येतीची टपाल तिकिटं काढली होती.

अमेरिकेतला बिगफूट हा त्याचाच भाऊ का?

नावाने तरी धाकटा. तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथा जुन्या आहेत, पण ‘बिगफूट’ हा शब्द गाजला १९५८ मध्ये, कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कामावर सापडलेल्या मोठ्या पावलांमुळे. २००२ मध्ये त्या कामाचा कंत्राटदार वारला तेव्हा घरच्यांनी लाकडात कोरलेले भलेमोठे पाय काढून दाखवले. येतीच्या मागे निदान जिवंत अस्वल तरी आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात असं काही नाही का?

केसाळ रानमाणूस नाही. चकवा आहे, खवीस आहे, मुंजा आहे, कोकणात राखणदार आहे. पण मोठे पाय म्हणाल तर आपल्याकडे आहेत, आणि फार देखणे आहेत. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात. लोक नवस फेडायला केळ्यांचे घड देतात आणि हातभर लांबीच्या चामड्याच्या चपला वाहतात. जुन्या चपलांचे तळ झिजलेले दाखवतात.

त्या चपला कुणी प्रयोगशाळेत पाठवलेल्या मी ऐकलं नाही. पाठवल्या तर चामडं म्हशीचं निघेल आणि त्याने आरवलीकरांना काडीचा फरक पडणार नाही. खुमजुंगची पेटी पाहताना मला सारखी ती चपलांची रांग आठवत होती.

येतीच्या शिकारीवर नेपाळमध्ये बंदी आहे का?

१९५०च्या दशकात इतके गोरे येती शोधायला येऊ लागले की नेपाळ सरकारने नियमच केले. १९५९ मध्ये काठमांडूच्या अमेरिकन वकिलातीने ते आपल्या लोकांना कळवले: परवान्यासाठी ५,००० भारतीय रुपये, येतीला जीव वाचवण्यासाठीच गोळी घालायची, एरवी फोटो काढायचा किंवा जिवंत पकडायचा, आणि जे मिळेल ते सरकारजमा करायचं. पाच हजार म्हणजे त्या काळात बरी रक्कम. न सापडणाऱ्या जनावरावर इतकी सरळ कमाई दुसऱ्या कुठल्या सरकारने केली असेल असं वाटत नाही.

ट्रेकमध्ये समोर येती आलाच तर काय करायचं?

आमच्या गाइडकडे याचं तयार उत्तर होतं. मादी असली तर उताराकडे पळ, तिची लोंबती छाती तिला धावू देत नाही. नर असला तरी उताराकडेच, केस डोळ्यांवर येऊन त्याला दिसत नाही. चढावर मात्र कधी पळायचं नाही. ‘आणि अस्वल असलं तर?’ मी विचारलं. त्यावर तो जरा गंभीर झाला. पळायचंच नाही म्हणाला. पाठ न दाखवता, हळू बोलत, एकेक पाऊल मागे. उतारावरसुद्धा ते माणसाला गाठतं. ‘आणि दिदी,’ तो म्हणाला, ‘रात्री बाहेर जायचं झालं तर टॉर्च घेऊन जा. येतीसाठी नाही. दारात याक बसलेला असतो.’